प्रदेश, प्रक्रिया आणि कप : स्पेशालिटी कॉफीची चव ओळखायला शिकण्याची रीत

स्पेशालिटी कॉफीच्या पाकिटावर बरंच काही छापलेलं असतं. इस्टेटचं म्हणजे मळ्याचं नाव, जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचा वाण, 'वॉश्ड' की 'नॅचरल', भाजल्याची तारीख आणि सगळ्यात खाली 'संत्रं, चॉकलेट, काकवी' अशी चवींची यादी. बहुतेक जण ही यादी वाचूनच पाकीट निवडतात आणि घरी कपात संत्रं सापडलं नाही की हिरमुसतात. माझं म्हणणं, यादी शेवटी वाचा. किंबहुना कॉफी पिऊन झाल्यावर वाचा. आधी दोनच गोष्टी बघा : ही कॉफी कुठे पिकली, आणि फळातून दाणा काढून तो वाळवला कसा.

या दोन गोष्टी नेहमी वेगवेगळ्या सांगितल्या जातात, पण मुळात प्रक्रिया ठरवली ती त्या त्या प्रदेशाच्या हवापाण्यानेच. येमेनमध्ये पाण्याची टंचाई, तेव्हा फळं तशीच गच्चीवर वाळत घातली. केनियाच्या डोंगराळ भागात वाहतं पाणी, तेव्हा तिथे दाणे धुण्याची पद्धत रुजली. सुमात्रात हवा एवढी दमट की दाणा पुरता वाळेपर्यंत थांबण्याची सोय नाही, म्हणून तिथे ओल्या दाण्याचंच कवच काढतात. पुढे पिढ्यान् पिढ्या त्या प्रक्रियेची चव हीच त्या प्रदेशाची चव म्हणून जगभर ओळखली गेली. 'सुमात्राची मातकट कॉफी' म्हणतात त्यात सुमात्राच्या मातीपेक्षा तिथल्या वाळवणीचा हात मोठा आहे. म्हणून चव शिकायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तेच ठेवायचं. पुढची सगळी रीत या एका नियमावर उभी आहे.

उदाहरणं मुख्यतः भारतीय कॉफीची घेतली आहेत. ती मुंबई-पुणे-नागपुरात ताजी भाजलेली मिळते आणि एकाच इस्टेटची दोन-तीन प्रक्रियांतली कॉफी शेजारी ठेवून बघता येते.

आधी स्पेशालिटीबद्दल थोडं

रूढ व्याख्या तशी रूक्ष आहे. प्रशिक्षित परीक्षकांनी १०० पैकी ८० किंवा जास्त गुण दिले, आणि ३५० ग्रॅम कच्च्या नमुन्यात काळा पडलेला, आंबलेला किंवा बुरशी आलेला एकही दाणा निघाला नाही, तर ती स्पेशालिटी. म्हणजे दोष काढून टाकलेली कॉफी. दोष गेले की प्रदेश आणि प्रक्रिया दिसू लागतात. चिकोरी मिसळलेल्या पुडीवर हा अभ्यास होत नाही. काळ्याकुट्ट भाजलेल्या दाण्यांवरही नाही, कारण तिथे चव भट्टीची असते.

पायरी १ : चव घेण्याची मांडणी

फिल्टर, मोका पॉट, फ्रेंच प्रेस ही सगळी साधनं सुरुवातीला बाजूला ठेवा. प्रत्येक साधन चवीत आपली भर घालतं. परीक्षक ज्या पद्धतीने चव घेतात तिला कपिंग म्हणतात, आणि ती सगळ्यात सोपी आहे.

सारख्या आकाराचे चिनी मातीचे कप किंवा वाट्या घ्या. स्टीलची वाटी चालते, पण त्यात कॉफी लवकर निवते. वजनकाटा हवाच. प्रत्येक कपात १० ग्रॅम दाणे जाडसर दळून घाला. दोन कॉफींच्या मध्ये ग्राइंडरमधून दुसऱ्या कॉफीचे चार दाणे फिरवून टाकून द्या, नाहीतर आधीचा वास पुढच्या कपात येतो. आधी कोरड्या पुडीचा वास घ्या. मग पाणी उकळून गॅस बंद करा, अर्धा-एक मिनिट थांबा आणि प्रत्येक कपात १८० मिलिलिटर ओता. पुडी फुगून वर साय धरते. ४ मिनिटं हात लावू नका. नंतर कपावर वाकून चमच्याच्या पाठीने ती साय दोन-तीनदा मोडा. या क्षणी येणारा वास सगळ्यात बोलका असतो. वरचा फेस दोन चमच्यांनी काढून टाका.

१०-१२ मिनिटांनी चव घ्यायला सुरुवात करा. चमचाभर कॉफी तोंडात घेताना भुरका मारायचा, चांगला आवाज करून. हवेबरोबर कॉफी सगळ्या तोंडात पसरते आणि वास मागून नाकात चढतो. घरी कोणी हसलं तर हसू द्या. प्रत्येक कपानंतर चमचा पाण्यात बुडवून घ्या.

एकदा गरम असताना, एकदा कोमट झाल्यावर आणि एकदा पार निवल्यावर, अशी तीन वेळा चव घ्या. गरम कॉफीत भाजणी जास्त कळते, प्रदेश आणि प्रक्रिया कोमट कपात उघड होतात. वाळवताना बिघडलेली कॉफी निवल्यावर तर लपूच शकत नाही.

नोंद पाच गोष्टींची ठेवा : आंबटपणा, गोडी, कडवटपणा, जिभेवर जाणवणारा दाटपणा आणि गिळल्यावर मागे राहणारी चव. फळांची नावं पहिल्या दिवसापासून शोधत बसू नका. त्याऐवजी आंबटपणा कसला आहे ते विचारा. लिंबाचा आहे, मोसंबीचा, कोकमाचा की चिंचेचा? जुन्या दह्याकडे किंवा व्हिनेगरकडे झुकत असेल तर बहुधा वाळवताना काहीतरी चुकलंय. इंग्रजी पाकिटावर 'ब्लॅककरंट' छापलेलं असतं. ते फळ आपल्यापैकी बहुतेकांनी चाखलेलंच नसतं. त्या जागी करवंद किंवा जांभूळ लिहिलं तर नोंद खोटी होत नाही, उलट उपयोगाची होते.

कपांच्या तळाला चिठ्ठी चिकटवून त्यांच्या जागा दुसऱ्या कोणाकडून बदलून घ्या. नाव दिसत असताना घेतलेली चव प्रामाणिक नसते.

पाण्याचं एकच सांगतो. मुंबईचं तलावाचं पाणी मऊ आहे, गाळून घेतलं की काम होतं. बोअरचं जड पाणी आंबटपणा मारून टाकतं आणि कोणताही प्रदेश सपाट करून ठेवतं. क्षार जवळजवळ शून्यावर आणणारं आरओचं पाणीही चांगलं नाही, त्यात कॉफी पोकळ लागते. घरी आरओ असेल तर त्यात थोडं नळाचं पाणी मिसळा. लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार असले की उत्तम.

पायरी २ : पाकिटावरचे शब्द लावायला शिका

भारतीय कॉफीच्या व्यापारात जुने शब्द अजून चालतात, आणि ते कळले की अर्धं काम झालं. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. 'प्लांटेशन' म्हणजे धुतलेली अरेबिका. 'पार्चमेंट' हा शब्द रोबस्टासोबत आला तर धुतलेली रोबस्टा. 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली, मग ती अरेबिका असो की रोबस्टा. त्यापुढची ए, एए, एबी ही अक्षरं दाण्याच्या आकाराची आहेत, चवीची नाहीत. केनियाच्या 'एए'चंही तेच. 'पीबी' म्हणजे पीबेरी : फळात दोन चपट्या दाण्यांऐवजी एकच गोल दाणा तयार झालेला. पीबेरीला चव जास्त असते असं दुकानात सांगतात. मला तसा फरक क्वचितच जाणवलाय.

वाणाचं नाव असेल तर तेही टिपून ठेवा. भारतीय पाकिटांवर सर्वांत जास्त दिसतं ते एस ७९५. गेल्या शतकातल्या चाळीसच्या दशकात आलेला हा वाण केंट आणि एस २८८ या दोन वाणांच्या संकरातून झाला, आणि एस २८८च्या रक्तात लायबेरिका या वेगळ्या जातीचा अंश आहे. त्यामागे कारण होतं. १८६९मध्ये सिलोनात तांबेरा रोग पसरला आणि तिथली कॉफी बुडाली, दक्षिण भारतालाही त्याची झळ लागली. पुढे इथलं सगळं संशोधन तांबेऱ्याला तोंड देणारं झाड शोधण्यात गेलं. चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरची केंद्रीय कॉफी संशोधन संस्था आजही तेच काम करते. कावेरी आणि चंद्रगिरी या वाणांत रोबस्टाचा अंश आहे. सिलेक्शन ९मध्ये तो तर आहेच, शिवाय इथिओपियाच्या झाडाचंही रक्त आहे, आणि चांगल्या हातांतली सिलेक्शन ९ फळांच्या चवीत इतरांच्या पुढे जाते. भारतीय अरेबिका आंबटपणाला सौम्य आणि दाटपणाला भारी का, याचं एक उत्तर या वंशावळीत आहे.

भाजल्याची तारीख नसलेलं पाकीट घेऊ नका. भाजल्यावर आठवडाभर तरी दाण्यांतून वायू निघत राहतो, तोवर चव झाकलेली असते. त्यानंतरचा महिनाभर हा चाखायचा काळ.

पायरी ३ : प्रदेश म्हणजे नेमकं काय

उंचीवर हवा थंड, म्हणून फळ सावकाश पिकतं, दाणा घट्ट होतो आणि त्यात आम्लं व साखर जास्त साठते. हे खरं असलं तरी उंचीचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणं फसवं आहे. कोलंबियाचा नारिन्यो प्रांत विषुववृत्ताला जवळजवळ टेकलेला आहे, तिथे कॉफीला पुरेसा गारवा मिळायला १,८०० मीटर आणि त्याहूनही वर जावं लागतं. चिकमगळूर १३ अंश उत्तरेला आहे. तिथल्या १,२०० मीटरला कमी लेखण्याचं कारण नाही. 'भारतीय कॉफी कमी उंचीची, म्हणून कमअस्सल' हे मत अशाच अर्धवट तुलनेतून आलंय.

दुसरी गोष्ट सावलीची. ब्राझीलमध्ये कॉफी बहुधा उघड्या उन्हात उभी असते. आपल्याकडे सिल्व्हर ओक, फणस, अंजिराच्या कुळातले वृक्ष आणि त्यांवर चढलेली मिरीची वेल, यांच्या खाली ती वाढते. सावली उन्हाचा मारा कमी करते आणि पिकणं लांबवते, म्हणजे काही अंशी उंचीचंच काम करते. मात्र मिरीशेजारी वाढली म्हणून कॉफीला मिरीची चव लागते हे मला पटत नाही. मसाल्याची झाक वाण, भाजणी आणि वाळवण यांतून येते. शेजारच्या झाडाचा वास दाण्यात कसा शिरला, याचं पटेल असं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षिलेली गोष्ट म्हणजे पाऊस कधी पडतो. मार्च-एप्रिलच्या सरींनी झाड फुलतं, अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी आणि रोबस्टाची जानेवारी ते मार्च. कर्नाटकातल्या मळ्यांना तोडणीच्या वेळी कोरडा हिवाळा मिळतो. तमिळनाडूत मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हाच ईशान्य मोसमी पावसाचा काळ, त्यामुळे तिथलं वाळवणीचं गणित वेगळं.

आता भारतातले प्रदेश. बाबाबुदनगिरी आणि भोवतालचं चिकमगळूर हे इथल्या कॉफीचं मूळ ठाणं. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणल्या अशी आख्यायिका इथलीच. १,००० ते १,५०० मीटरवरची धुतलेली एस ७९५ प्यायलात तर भाजक्या शेंगदाण्याकडे, कोकोकडे, गुळाकडे झुकणारी, आंबटपणा मोसंबीइतका मवाळ अशी कॉफी मिळेल. 'भारतीय अरेबिका' म्हणून मनात एक ठशीव चव पक्की करायची तर ती ही. इथल्या 'रत्नगिरी इस्टेट'चं पाकीट पाहून कोकण आठवेल, पण त्याचा आपल्या रत्नागिरीशी काही संबंध नाही.

बिळिगिरिरंगन डोंगर पश्चिम आणि पूर्व घाटांना जोडतात. तिथली अट्टिकन इस्टेट बऱ्याच पाकिटांवर दिसते. उंची जास्त, भोवती राखीव जंगल, कपात आंबटपणा चिकमगळूरपेक्षा उजळ. कोडगू मुख्यतः रोबस्टाचा जिल्हा, पाऊस धो धो. तिथली अरेबिका दाट आणि मऊ. वायनाड तर रोबस्टाचंच. येरकाडच्या शेवरॉय टेकड्यांतली रिव्हरडेल इस्टेट, निलगिरी, पळनी ही तमिळनाडूची ठिकाणं.

अराकूची गोष्ट निराळी. आंध्रच्या पूर्व घाटात ९०० ते १,१०० मीटरवर आदिवासी शेतकऱ्यांच्या छोट्या छोट्या तुकड्यांवर ही कॉफी होते. मोठ्या इस्टेटी नाहीत. फळं गोळा करून एका ठिकाणी त्यांवर प्रक्रिया होते, त्यामुळे चवीत सगळ्या खोऱ्याचं मिश्रण उतरतं. चिकमगळूरच्या मानाने ती फळाळ आणि अंगाने हलकी लागते. २०१९मध्ये अराकू, कोडगू, चिकमगळूर आणि बाबाबुदनगिरीच्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळालं.

आणि आपलं चिखलदरा? मेळघाटात कॉफीची झाडं इंग्रजांच्या काळापासून आहेत, पण पीक इतकं थोडं की अभ्यासासाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. सहलीला गेलात तर झाडं मात्र जरूर बघा. फळ फोडून आतला चिकट गर चाखला की पुढची पायरी लगेच कळेल.

पायरी ४ : प्रक्रिया, म्हणजे फळातून दाणा काढणं

पिकलेल्या फळाला वरून लाल किंवा पिवळी साल, तिच्याखाली थोडा गर, मग दाण्याला घट्ट धरून बसलेला गोड चिकट थर, त्याखाली पार्चमेंट नावाचं कडक टरफल, आणि आत चंदेरी पापुद्र्यात दोन दाणे. यातलं काय, केव्हा काढलं एवढाच सगळ्या प्रक्रियांमधला फरक.

धुतलेली किंवा वॉश्ड. तोडलेली फळं पाण्यात टाकून तरंगणारी बाजूला काढतात. त्याच दिवशी पल्परमधून साल काढतात. चिकट दाणे टाकीत १२ ते ३६ तास ठेवतात, हवा जितकी गार तितका वेळ जास्त. जंतू तो चिकट थर सोडवतात, मग दाणे धुऊन खळ्यावर किंवा जाळीच्या मांडण्यांवर आठवडा-दहा दिवस वाळवतात. ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आला की झालं. फळाचा दाण्याशी संबंध लवकर तुटतो, म्हणून कपात राहतो तो बराचसा दाणाच : त्याची जात, त्याची उंची, त्याचं हवापाणी. प्रदेश शिकायचा असेल तर फक्त धुतलेली कॉफी घ्यायची, ती याचसाठी. केनियात धुतलेले दाणे पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवून ठेवतात. तिथल्या एसएल २८ वाणाचा करवंदी, रसाळ आंबटपणा अशा कपात अगदी लख्ख लागतो.

नॅचरल. अख्खं फळ दोन ते चार आठवडे वाळवायचं आणि मग सगळी टरफलं एकदमच काढायची. फळ आतल्या आत किंचित आंबतं आणि कपात पिकल्या फळाची गोडी येते. चिकू, मनुका, कधी पिकल्या फणसाच्या गऱ्याचा भपकारा. आंबटपणाची धार बोथट होते, दाटपणा वाढतो. जोखीम मोठी. थर जाड झाला, दिवसातून अनेकदा हलवला नाही किंवा अवकाळी पाऊस आला, की बुरशी नाहीतर दारूसारखा वास.

इथे एक गंमत आहे. वर सांगितलेली जुनी 'चेरी' कॉफी आणि आजची महाग 'नॅचरल' यांची कृती एकच. फरक फळांच्या निवडीत. पूर्वी मळ्यातली उत्तम पिकलेली फळं धुण्याकडे जात, आणि हंगामाच्या शेवटी फांदीवरून ओरबाडलेली कच्ची-पक्की फळं अंगणात वाळत पडत. त्यामुळे चेरी म्हणजे स्वस्त माल असं समीकरण झालं. आता तीच पद्धत फक्त लालबुंद फळं वेचून, पातळ थरात, सांजेला झाकून ठेवून केली जाते. म्हणून पाकिटावर नुसतं 'नॅचरल' लिहिलंय यात समाधान मानू नका. किती दिवस वाळवली, कशावर वाळवली, हे लिहिणाऱ्याची कॉफी आधी घ्या.

हनी. नावात मध असला तरी मधाचा संबंध नाही. साल काढायची, पण चिकट थर न धुता तसाच वाळवायचा. थर किती ठेवला आणि किती सावकाश वाळवला यावरून पिवळा, लाल, काळा हनी. कोस्टा रिकाने ही नावं रूढ केली. ब्राझीलची पल्प्ड नॅचरल याच घरातली. चव धुतलेली आणि नॅचरल यांच्या मधली. काळा हनी आणि नॅचरल झाकून ठेवून ओळखणं जाणकारांनाही अवघड जातं, तेव्हा नवशिक्याने त्यात फार वेळ घालवू नये.

मॉन्सून्ड मलबार. ही फक्त आपली. वाळवलेले चेरी दाणे मंगळूरच्या किनाऱ्यावर, चारी बाजूंनी उघड्या गोदामांत जून ते सप्टेंबर पसरून ठेवतात. समुद्रावरून येणारी दमट हवा दाण्यांत शिरते. ते फुगतात, हिरवेपणा जाऊन फिकट सोनेरी होतात. मध्येमध्ये ते परतावे लागतात, गोणीत भरून पुन्हा ओतावे लागतात. याचा उगम शिडाच्या जहाजांत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपला पोचेपर्यंत कित्येक महिने दाणे दमट तळघरात असत, आणि तिकडच्या लोकांना तीच चव लागली. आगबोटी आणि सुएझ कालवा आल्यावर प्रवास लहान झाला, तेव्हा तो परिणाम किनाऱ्यावरच घडवून आणायला सुरुवात झाली. कपात आंबटपणा जवळजवळ नाही, दाटपणा प्रचंड, वास ओल्या लाकडाचा आणि मसाल्याच्या डब्याचा. ही मुद्दाम म्हातारी केलेली कॉफी आहे. काहींना ती मुळीच आवडत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. इथे प्रक्रियेने चिकमगळूर की कोडगू हा प्रश्नच पुसून टाकलेला असतो.

ॲनएरोबिक. फळं किंवा साल काढलेले दाणे हवाबंद टाकीत आंबवायचे. २०१५च्या जागतिक बरिस्ता (कॉफी बनवणाऱ्यांच्या) स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या साशा सेस्टिक यांनी कार्बोनिक मॅसरेशन ही वाइनवाल्यांची रीत वापरलेल्या कॉफीवर विजेतेपद मिळवलं, त्यानंतर अशा प्रयोगांचं पेव फुटलं. भारतीय इस्टेटीही मागे नाहीत. दालचिनी, स्ट्रॉबेरी, दह्याचा पदार्थ, काहीही लागू शकतं. माझी तक्रार एवढीच की तीन वेगळ्या डोंगरांवरची ॲनएरोबिक नॅचरल झाकून प्यायलात तर ती एकमेकींसारखी लागते, आपापल्या डोंगरासारखी नाही. मजेसाठी प्या, शिकण्यासाठी शेवटी ठेवा. पाकिटावर 'को-फर्मेंट' असेल तर टाकीत खरोखरीचं फळ किंवा मसाला घातलेला असतो. मग लागलेला संत्र्याचा स्वाद दाण्याच्या पदरी टाकू नका.

पायरी ५ : जोड्या लावा

भाजणी सारखी असली पाहिजे ही अट आधी पाळा. एकाच भाजणाऱ्याकडून, मध्यम किंवा त्याहून हलक्या भाजणीची, जवळपासच्या तारखांची पाकिटं घ्या. १०० ग्रॅमचं पाकीट मिळत असेल तर तेच घ्या.

पहिली जोडी एकाच इस्टेटची आणि एकाच वाणाची वॉश्ड आणि नॅचरल. फरक इतका ठळक असतो की पहिल्याच बैठकीत आत्मविश्वास येतो. कोणत्या कपात फळ पुढे येतंय, कोणता गिळल्यावर तोंड स्वच्छ होतंय, एवढंच बघा.

दुसरी जोडी खरी कसोटीची : दोन्ही वॉश्ड, एक चिकमगळूरची आणि दुसरी अराकूची किंवा बिळिगिरिरंगनची. हा फरक हळू आवाजातला असतो, कोमट झाल्यावरच शोधा. पहिल्यांदा दोन्ही सारख्या वाटल्या तर पुन्हा मांडा. आंबटपणा कोणत्या क्षणी येतो आणि किती वेळ टिकतो तिकडे लक्ष दिलंत की वाट सापडते.

तिसऱ्या जोडीत चिकमगळूरच्या वॉश्डशेजारी केनिया किंवा इथिओपियाच्या यिर्गाचेफेची वॉश्ड कॉफी ठेवता आली तर फारच चांगलं. आयात शुल्क जड असल्यामुळे आपल्याकडे ती कमी आणि महाग मिळते. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या नातेवाइकाला सांगा, तिथे कुठल्याही चांगल्या भाजणाऱ्याकडे असते. यिर्गाचेफेच्या १,७०० ते २,२०० मीटरवरच्या कॉफीत मोगऱ्याच्या जवळ जाणारा वास आणि लिंबाची धार असते, चहा प्यायल्यासारखं हलकं अंग असतं. चिकमगळूरच्या शेजारी ती ठेवली की प्रदेश या शब्दाला वजन आहे हे कोणालाही पटतं.

चौथी जोडी मॉन्सून्ड मलबार आणि साधी अरेबिका चेरी किंवा नॅचरल. आधी काळी, मग दोन्हींत सारखंच दूध घालून. दुधात पारडं कसं फिरतं ते बघण्यासारखं आहे.

पायरी ६ : शिकलेलं रोजच्या कपात आणा

वॉश्ड अरेबिकासाठी कागदी गाळणीत पुडी ठेवून वरून पाणी ओतायचं ते पोर ओव्हर, पाणी कडक गरम. नॅचरल आणि ॲनएरोबिकला पाणी थोडं निववून, ८८ ते ९० अंशांवर, नाहीतर आंबलेपणा वर येतो. फ्रेंच प्रेसमध्ये तेलं गाळली जात नाहीत, तेव्हा दाट कॉफी तिथे खुलते.

दूध-साखर घालून पिण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त कॉफी तशी निवडावी. धुतलेली रोबस्टा आणि मॉन्सून्ड मलबार या दुधासाठीच जन्मल्यात. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या दुपटीच्या आसपास आणि साखर बरीच कमी, म्हणून तिचा कडवा कणा दुधातही ताठ राहतो. दाक्षिणात्य पितळी फिल्टरमध्ये चिकोरीशिवाय ती एकदा करून बघाच. चिकमगळूरची वॉश्ड अरेबिका थोडं दूध सहन करते. यिर्गाचेफेत दूध घातलं तर पैसे वाया.

नवीन हंगामाची भारतीय अरेबिका साधारण मार्च-एप्रिलपासून भाजणाऱ्यांकडे येऊ लागते. आवडलेल्या इस्टेटीचं यंदाचं एक न उघडलेलं पाकीट हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये टाकून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच मळ्याच्या, त्याच प्रक्रियेच्या नव्या पाकिटाशेजारी मांडा. प्रदेश तोच, वाण तोच, पाऊस तेवढा वेगळा, अशी ही पाचवी जोडी होते. फ्रीझरमधलं पाकीट मात्र बाहेर काढून त्याचा गारवा पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे रात्रभर, उघडू नका. थंड दाण्यांवर दव धरलं की वर्षभराची राखण फुकट जाते.